मॅकवर विंडोज : व्हर्च्युअल मशीनची निवड कशी करावी?

मॅक संगणक घेणाऱ्या अनेकांना एक अडचण खरेदीनंतर काही दिवसांतच जाणवू लागते. छायाचित्रे, चित्रफिती, ई-मेल, लेखन ही कामे नव्या संगणकावर सुरळीत चालतात. परंतु कार्यालयाचे हिशेब ज्या टॅलीमध्ये आहेत ते टॅली, वास्तुरचनाकाराचे रेव्हिट, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये बांधलेली जुनी नोंदवही किंवा वीस वर्षांपूर्वी अक्षरजुळणी केलेल्या मराठी पुस्तकाची फाइल विंडोजशिवाय उघडत नाही. अशा वेळी मॅक विकून टाकण्याची किंवा दुसरा संगणक विकत घेण्याची गरज नसते. मॅकमध्येच विंडोज चालविण्याची सोय करून देणारी 'व्हर्च्युअल मशीन' प्रकारची सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. पॅरलल्स डेस्कटॉप, व्हीएमवेअर फ्यूजन, ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स आणि यूटीएम ही त्यांतील प्रमुख नावे होत.

'यांतील सर्वांत चांगले कोणते?' हा प्रश्न साधारणपणे सर्वप्रथम विचारला जातो. वस्तुतः त्याचा क्रमांक तिसरा आहे. मॅकमध्ये प्रोसेसर कोणता आहे, हा पहिला प्रश्न. आणि विंडोजवर नेमके कोणते काम करावयाचे आहे, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे न शोधता केवळ नाव पाहून सॉफ्टवेअर घेतल्यास पैसे खर्च होतात, विंडोजही सुरू होते, पण ज्या कामासाठी हा खटाटोप केला तेच काम अडून बसते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक. त्याला प्रोसेसरचा काही भाग, रॅमचा काही वाटा आणि हार्ड डिस्कऐवजी एक मोठी फाइल दिलेली असते. या संगणकात विंडोज बसविले की आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत, असेच त्याला वाटते. मूळ संगणकावरील मॅकओएसला 'यजमान' आणि आतील विंडोजला 'पाहुणा' म्हणण्याची पद्धत आहे. पाहुणा यजमानाच्या घरात राहतो, यजमानाचेच वीज-पाणी वापरतो. मात्र त्याच्या खोलीत काही बिघडले तर उरलेल्या घराला सहसा धक्का लागत नाही.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पाहुण्याची भाषा आणि घरातील प्रोसेसरची भाषा एकच असेल, तर बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरकडे जातात आणि वेग जवळजवळ मूळ यंत्राइतका मिळतो. भाषा वेगळी असेल, तर प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करणारा दुभाषी मध्ये बसवावा लागतो. यास 'एम्युलेशन' म्हणतात. हा दुभाषी चोख असला तरी त्याचा वेळ जातोच. मॅकवर विंडोज चालविण्याचा सगळा इतिहास या एका भेदाभोवती फिरत आला आहे.

तीन दशकांचा प्रवास

पूर्वीच्या मॅकमध्ये पॉवरपीसी जातीचे प्रोसेसर असत, तर विंडोज इंटेलच्या भाषेतील होते. त्या काळी कनेक्टिक्स या कंपनीने १९९७ मध्ये 'व्हर्च्युअल पीसी' हे सॉफ्टवेअर आणले. त्यात दुभाषी अपरिहार्य होता आणि म्हणून विंडोज संथ चाले. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे सॉफ्टवेअर विकत घेतले.

जून २००५ मध्ये अ‍ॅपलने इंटेलचे प्रोसेसर स्वीकारण्याची घोषणा केली आणि जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक बाजारात आले. भाषेची भिंत पडली. एप्रिल २००६ मध्ये अ‍ॅपलने 'बूट कॅम्प'ची चाचणी आवृत्ती प्रसिद्ध केली. संगणक सुरू करतानाच मॅकओएस किंवा विंडोज निवडण्याची सोय तिने दिली. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरलल्स डेस्कटॉप आले आणि दोन्ही प्रणाली एकाच वेळी, शेजारी शेजारी चालू लागल्या. मॅकसाठीचे व्हर्च्युअल पीसी पुढे चालविण्याचे कारण उरले नाही. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्येच ते थांबविले. ऑगस्ट २००७ मध्ये व्हीएमवेअरने फ्यूजन आणले. जर्मनीतील इनोटेक कंपनीचे व्हर्च्युअलबॉक्स जानेवारी २००७ मध्ये मुक्त स्रोत झाले. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये सनसह ओरॅकलकडे गेले.

ही घडी सुमारे चौदा वर्षे टिकली. जून २०२० मध्ये अ‍ॅपलने इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर वापरण्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ प्रोसेसरचे पहिले मॅक आले. 'अ‍ॅपल सिलिकॉन' या नावाने ओळखले जाणारे हे प्रोसेसर आर्म जातीचे आहेत. म्हणजेच भाषा पुन्हा बदलली. या यंत्रांवर बूट कॅम्प नाही आणि इंटेलसाठीचे नेहमीचे विंडोज त्यांवर थेट चालत नाही. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टने आर्म प्रोसेसरसाठी तयार केलेले विंडोज ११ वापरावे लागते.

पहिला प्रश्न : प्रोसेसर कोणता?

मॅकच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या चिन्हावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडल्यास प्रोसेसरचे नाव दिसते. तेथे एम१, एम२ अथवा त्यापुढील नाव असेल, तर यंत्र अ‍ॅपल सिलिकॉनचे आहे. इंटेलचे नाव असेल, तर जुन्या पिढीचे.

इंटेल मॅक असणाऱ्यांची स्थिती विचित्र आहे. त्यांच्याकडे विंडोजचे नेहमीचे, कोणत्याही दुभाष्याविना चालणारे रूप वापरण्याची मुभा आहे. पण काळ त्यांच्या बाजूने नाही. बूट कॅम्पमध्ये अ‍ॅपलचे अधिकृत साहाय्य विंडोज १० पर्यंतच राहिले आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ती मॅकमध्ये नसली तरी पॅरलल्स आणि फ्यूजन तिची सॉफ्टवेअर प्रतिकृती पाहुण्याला पुरवितात. त्यामुळे इंटेल मॅकवर आता बूट कॅम्पपेक्षा व्हर्च्युअल मशीनच अधिक सयुक्तिक ठरते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली मॅकओएस २६, अर्थात 'टाहो', ही इंटेल यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने जाहीर केलेले आहे. अशा यंत्रावर दीर्घ मुदतीचा खर्च करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर आर्म विंडोज ११ चालते आणि चांगल्या वेगाने चालते. कारण पाहुणा आणि प्रोसेसर यांची भाषा एकच असते. इंटेलसाठी लिहिलेली बहुसंख्य सॉफ्टवेअरही त्यात चालतात. मात्र त्यांच्यासाठी विंडोज स्वतःचा दुभाषी वापरते. विंडोज ११ पासून हा दुभाषी ६४ बिटांची सॉफ्टवेअरही हाताळू लागला आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीत 'प्रिझम' नावाने त्याची सुधारित आवृत्ती आली. साधी कार्यालयीन सॉफ्टवेअर त्यातून सहज पार पडतात. जड गणिते करणाऱ्या सॉफ्टवेअरचा वेग मात्र घटतो.

दुसरा प्रश्न : काम कोणते?

सर्वाधिक फसगत होते ती येथे. विंडोजचा दुभाषी सॉफ्टवेअरचे भाषांतर करतो, ड्रायव्हरचे करीत नाही. प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, यूएसबी टोकन यांसारख्या उपकरणांशी विंडोजचा संवाद घडविणारा ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात काम करतो. तो आर्मसाठीच लिहिलेला असावा लागतो. उत्पादकाने तसा ड्रायव्हर दिलेला नसेल, तर पॅरलल्स घ्या किंवा फ्यूजन, ते उपकरण चालत नाही. महाग सॉफ्टवेअर घेतल्याने ही अडचण सुटत नाही.

महाराष्ट्रातील अनेक व्यवसायांसाठी हा मुद्दा कळीचा आहे. मराठी प्रकाशन व्यवसायात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणाली वर्षानुवर्षे विंडोजवर वापरल्या गेल्या. युनिकोड रुळण्यापूर्वीची असंख्य पुस्तके, अंक आणि पत्रिका त्या काळच्या फॉण्टमध्येच अडकलेल्या आहेत. अक्षरजुळणीची काही जुनी सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय सुरू होत नाहीत. डोंगलचा ड्रायव्हर इंटेल विंडोजपुरताच असेल, तर नव्या मॅकवरील विंडोजमध्ये तो मजकूर उघडणार नाही. अशा मुद्रकाने वा प्रकाशकाने जुना विंडोज संगणक मोडीत काढण्याची घाई करू नये. तो चालू आहे तोवर सारा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

सनदी लेखापाल, करसल्लागार आणि कंत्राटदार यांच्याकडील डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचीही हीच कथा आहे. टोकनचा आर्म विंडोजसाठी ड्रायव्हर आहे काय, याची चौकशी विक्रेत्याकडे आधीच करावी. काही टोकनसाठी मॅकओएसचे सॉफ्टवेअर उपलब्ध असते. तसे असल्यास स्वाक्षरीचे काम मॅकवरच उरकता येते व विंडोज केवळ हिशेबापुरते ठेवता येते. विवरणपत्राच्या अखेरच्या दिवशी टोकन ओळखले जात नाही असे आढळण्यापेक्षा ही चौकशी महिनाभर आधी झालेली बरी.

खेळांच्या बाबतीतही अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. फसवणूक रोखण्यासाठी प्रणालीच्या गाभ्यात पहारा बसविणारे काही ऑनलाइन खेळ व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरूच होत नाहीत. त्याचप्रमाणे विंडोजच्या पोटात पुन्हा व्हर्च्युअल मशीन लागणाऱ्या सोयी, उदाहरणार्थ विंडोजमधील लिनक्स व्यवस्थेची दुसरी आवृत्ती, आर्म मॅकवरील विंडोजमध्ये मिळणार नाहीत, असे मायक्रोसॉफ्टने आपल्या सूचनांत नमूद केले आहे.

तिसरा प्रश्न : सॉफ्टवेअर कोणते?

पॅरलल्स डेस्कटॉप : मॅकवरील या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत सुलभ म्हणून ते ओळखले जाते. विंडोज उतरवून घेण्यापासून ते बसविण्यापर्यंतची कामे ते स्वतःच करते. 'कोहिरन्स' पद्धतीत विंडोजचा पडदा नाहीसा होऊन केवळ त्यातील सॉफ्टवेअरच्या खिडक्या मॅकच्या खिडक्यांमध्ये दिसतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एम१ व एम२ प्रोसेसरच्या मॅकवर पॅरलल्सद्वारे विंडोज ११ ची प्रो आणि एंटरप्राइज ही आर्म रूपे चालविण्यास अधिकृत मान्यता दिली. कंपनीच्या धोरणानुसार परवानगी दाखवावी लागणाऱ्या कार्यालयांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. त्रुटी एकच, ती किमतीची. साध्या आवृत्तीत एका व्हर्च्युअल मशीनला ८ जीबी रॅम आणि प्रोसेसरचे ४ गाभे यांहून अधिक देता येत नाही. त्याहून अधिक हवे असल्यास प्रो आवृत्तीची वर्गणी भरावी लागते. चाचणीची मुदत मोफत मिळते. ती वापरल्याशिवाय खरेदी करू नये.

व्हीएमवेअर फ्यूजन : नोव्हेंबर २०२२ मधील तेराव्या आवृत्तीपासून ते अ‍ॅपल सिलिकॉनवर विंडोज ११ चालविते. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली. त्यानंतर फ्यूजन प्रो मे २०२४ मध्ये वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यावसायिक वापरासाठीही मोफत झाले. सर्व्हर आणि नेटवर्क यांच्या कामात असणाऱ्यांना त्यातील नेटवर्कच्या तपशीलवार सोयी उपयोगी पडतात. ते उतरवून घेण्यासाठी ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर नावनोंदणी करावी लागते. मोफत झाल्यापासून अडचण आल्यास कंपनीकडे तक्रार नोंदविण्याची सोय नव्या वापरकर्त्यांना उरलेली नाही. इतर वापरकर्त्यांचा अनुभव आणि लिखित माहिती यांवरच भिस्त ठेवावी लागते.

व्हर्च्युअलबॉक्स : इंटेल मॅकवर मोफत आणि मुक्त स्रोत पर्याय म्हणून त्याने दीर्घ काळ सेवा केली. अ‍ॅपल सिलिकॉनवर मात्र ते उशिरा पोहोचले. २०२२ मधील ७.० आवृत्तीत केवळ प्रायोगिक रूप होते. २०२४ च्या ७.१ आवृत्तीत आर्म लिनक्सची सोय झाली आणि आर्म विंडोज ११ ची सोय ऑगस्ट २०२५ मधील ७.२ आवृत्तीत आली. त्याचा मूळ भाग मोफत असला, तरी 'एक्स्टेन्शन पॅक' नावाच्या पुरवणीचा परवाना वेगळा आहे. ती वैयक्तिक वापरासाठी मोफत असून कार्यालयीन वापरासाठी तिचे शुल्क आहे. मोफत म्हणून कार्यालयातील सर्व संगणकांवर ती बसविणाऱ्यांनी हा भेद विसरू नये.

यूटीएम : क्यूएमू या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर आधारलेले हे साधन मोफत मिळते, अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधील प्रत मात्र सशुल्क असून ते पैसे विकासकार्याला जातात. दोन्हींच्या सोयी सारख्याच आहेत. आर्म विंडोज ते समाधानकारकपणे चालविते, तथापि विंडोजमधील त्रिमितीय चित्रणाच्या बाबतीत ते तोकडे पडते. त्याचे वैशिष्ट्य निराळे आहे. आर्म मॅकवर इंटेलच्या भाषेतील संपूर्ण जुने विंडोज, उदाहरणार्थ विंडोज एक्सपी, ते दुभाष्याच्या मदतीने सुरू करू शकते. वेग अत्यंत संथ असतो. पण एखादी जुनी फाइल एकदाच उघडून मजकूर बाहेर काढावयाचा असेल, तर तेवढे पुरते. पॅरलल्सनेही २०२५ च्या आरंभी अशी प्रायोगिक सोय दिली. ती रोजच्या कामासाठी मात्र नाही.

विंडोजचा परवाना वेगळा

व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर विकत घेतले म्हणजे विंडोज मिळाले, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. विंडोजचा परवाना स्वतंत्रपणे मायक्रोसॉफ्टकडून वा अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावा लागतो. फ्यूजन मोफत असले, तरी विंडोज मोफत होत नाही. परवाना न घालताही विंडोज सुरू होते, परंतु पडद्यावर सूचना कायम राहते, काही सोयी बंद असतात आणि परवान्याच्या अटींचा भंग होतो. अगदी नाममात्र दरात विकल्या जाणाऱ्या परवाना-क्रमांकांपासून सावध राहावे. एकूण खर्चाचा अंदाज करताना व्हर्च्युअल मशीन, विंडोज आणि विंडोजमधील मूळ सॉफ्टवेअर अशा तिन्हींची बेरीज मांडावी.

रॅम, डिस्क आणि बॅकअप

पाहुण्याला दिलेली रॅम तो चालू असेपर्यंत बऱ्याच अंशी यजमानाच्या वाट्यातून वजा होते. विंडोज ११ ची किमान गरज ४ जीबी रॅमची असली, तरी त्यात काम रखडते. ८ जीबीच्या मॅकवर दोन्ही प्रणाली दाटीवाटीने राहतात. १६ जीबी असल्यास दोघांनाही श्वास घेता येतो. अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढविता येत नाही. म्हणून विंडोजची गरज आधीच ठाऊक असेल, तर खरेदीच्या वेळीच अधिक रॅम घेणे हिताचे. विंडोज ११ साठी ६४ जीबी जागेची अट आहे. फाइल आरंभी लहान असते, वापरागणिक वाढत जाते; तेव्हा तेवढी जागा हाताशी असू द्यावी.

पाहुण्याची संपूर्ण हार्ड डिस्क ही मॅकच्या दृष्टीने एक फाइल असते. त्यामुळे ती दुसऱ्या मॅकवर नेणे सोपे, तसेच ती एका फटक्यात पुसली जाणेही सोपे. 'स्नॅपशॉट' ही सोय पाहुण्याची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवते; नवे सॉफ्टवेअर बसविताना बिघाड झाल्यास मागे जाता येते. मात्र स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. ती डिस्क गेली की तोही जातो. हिशेबाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवावी. तसेच मॅकवर आहे म्हणून विंडोजला विषाणूंची बाधा होत नाही, असे नाही. दोन्ही प्रणालींमध्ये सामायिक ठेवलेल्या फोल्डरमधील फाइलींपर्यंत तेथील विषाणू पोहोचू शकतो. सामायिक फोल्डर आवश्यक तेवढेच ठेवावेत.

व्हर्च्युअल मशीनशिवाय

काही वेळा संपूर्ण विंडोजची गरजच नसते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'वाइन' या मुक्त प्रकल्पावर आधारलेले कोडवीव्हर्सचे क्रॉसओव्हर हे सॉफ्टवेअर विंडोजविनाच विंडोजची काही सॉफ्टवेअर मॅकवर चालविते. त्यात विंडोजचा परवाना लागत नाही. परंतु हवे ते सॉफ्टवेअर चालेलच याची शाश्वती नसते. अ‍ॅपल सिलिकॉनवर ते अ‍ॅपलच्या रोझेटा या दुभाष्याच्या आधारे वाढले आहे आणि रोझेटाची संपूर्ण सोय मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असे अ‍ॅपलने २०२५ मध्ये सांगितले. दुसरा मार्ग इंटरनेटवरून वापरावयाच्या विंडोजचा. मायक्रोसॉफ्टची विंडोज ३६५ ही सेवा या प्रकारची असून ती वर्गणीवर आणि अखंड इंटरनेटवर अवलंबून असते.

निवडीचा सारांश

ज्यांना विंडोज रोज लागते, तांत्रिक खटपट नको आहे आणि खर्चाची तयारी आहे, त्यांच्यासाठी पॅरलल्स योग्य. थोडी खटपट करण्याची तयारी असणाऱ्यांना, विशेषतः लहान कार्यालयांना, फ्यूजन पुरेसे ठरते. विद्यार्थी, लिनक्सचे अभ्यासक आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे आग्रही यांनी यूटीएम किंवा व्हर्च्युअलबॉक्स पाहावे. इंटेल मॅक असल्यास मोफत पर्यायावर काम भागवावे आणि पैसा पुढील यंत्रासाठी राखून ठेवावा.

काम जर इंटेलपुरता ड्रायव्हर असलेल्या डोंगलवर किंवा टोकनवर अवलंबून असेल, तर नव्या मॅकसाठी यांतील कोणतेही नाव उत्तर नव्हे. एखादा साधा विंडोज संगणक त्या एका कामासाठी बाजूला ठेवणे हेच तेथे स्वस्त आणि खात्रीचे. निवडीपूर्वीची कसोटी सोपी आहे. मोफत चाचणीच्या मुदतीत विंडोज बसवावे, आपले नेमके सॉफ्टवेअर चालवावे, नेमके उपकरण जोडावे आणि एक पूर्ण काम, छापील कागद हाती येईपर्यंत, करून पाहावे. ते पार पडले की मगच पैसे भरावेत. तोपर्यंत जुना संगणक घराबाहेर काढू नये.